मालिश कुठे करायची, हे घोडाच सांगतो

नाल ठोकण्याचा विषय आज घेणार, असं मागच्या रविवारी लिहिलं होतं. नालबंदांनी आणखी आठवडाभर कळ काढावी. खराऱ्यावरच्या लेखानंतर माथेरानच्या एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न सोडून खुराकडे वळणं मला जमेना. त्यांचे दोन घोडे दस्तुरी नाक्यावरून पर्यटकांना वर नेतात. ते विचारतात, "संध्याकाळी खोगीर उतरवलं की खरारा करतोच. वर अर्धा तास मालिशही केली, तर घोड्याला खरंच काही मिळतं, की ती आमचीच हौस?"

मिळतं. फक्त सगळे सांगतात ते नव्हे.

सगळे सांगतात ते असं : दौडीनंतर स्नायूंत आम्ल साचतं आणि मालिश ते पिळून बाहेर काढते. रेसच्या तबेल्यांतही हे मी ऐकलेलं आहे. पण लॅक्टिक आम्ल शरीर स्वतःच वापरून टाकतं, तासा-दीड तासात त्याचा निकाल लागतो. ते लवकर उतरावं असं वाटत असेल, तर दौडीनंतर घोड्याला सावकाश चालवावं. त्या कामात पायच हातापेक्षा सरस.

मग हात कशासाठी? त्यासाठी मोकळ्या रानातले दोन घोडे पाहा. एकमेकांकडे तोंड करून पण थोडे सरकून उभे राहतात आणि दातांनी एकमेकांना खाजवू लागतात. दात बहुधा ठरलेल्या जागी फिरतात : आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर आणि त्याच्या अलीकडे मानेवर. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर क्लोडिया फेह आणि त्यांच्या सहकारी संशोधक द माझिएर यांनी केलेला अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला. माणसाने त्याच जागी खाजवलं, तर मोठ्या घोड्यांच्या हृदयाचे ठोके सुमारे 11 टक्क्यांनी उतरले, शिंगरांचे त्याहून थोडे जास्त. घोडे एकमेकांना जिथे सहसा खाजवत नाहीत, तिथे खाजवून असा फरक पडला नाही.

2004 साली ब्रिटनमधल्या मॅक्ब्राइड आणि सहकाऱ्यांनी मालिशचीच परीक्षा घेतली. शरीरावरच्या सहा जागा निवडल्या आणि ठोके मोजले. पुढच्या पायाचा वरचा भाग सोडला, तर सगळीकडे ठोके कमी झाले. सर्वांत जास्त कुठे? खांद्यावरचा उंचवटा, मानेचा मध्य आणि पुठ्ठा. म्हणजे घोडे एकमेकांची जी सेवा करतात, तीच आपण उचलायची.

या उंचवट्याचं मला फार वेड आहे, म्हणून इथे जरा थांबतो. घोड्याला गळ्याचं हाड नसतं. त्याचे पुढचे पाय धडाला कुठल्याही सांध्याने जोडलेले नाहीत, सगळी छाती दोन खांद्यांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. उभ्या घोड्याचं जवळजवळ 60 टक्के वजन पुढच्या पायांवर येतं. त्यात वर स्वार, घट्ट आवळलेला तंग आणि माथेरानची उतरण. नवखा स्वार तर एका बाजूला कललेलाच असतो. हा सगळा भार त्या झोळीने पेलायचा. म्हणून माथेरानच्या घोड्याला हात लावायचा तर आधी तिथे.

पायांचं काय? जुने मोतद्दार पाय चोळल्याशिवाय घोडा सोडत नाहीत. पण गुडघ्याखाली घोड्याला स्नायू जवळपास नसतातच, असतात त्या कंडरा. तिथे मालिश कसली करणार? तरीही त्यांची सवय मोडू नका. रोज चारही पायांवरून फिरणाऱ्या हाताला कंडरेतली ऊब आणि बारीकशी सूज सर्वांत आधी कळते. घोडा लंगडू लागेपर्यंत थांबणारा मालक नेहमी उशिरा पोचतो.

आता कृती. तेल नको. तेलावर माथेरानची लाल धूळ बसते आणि उद्या खोगिराखाली तीच कातडी सोलते. तळहात सपाट ठेवून मानेच्या मध्यापासून सुरुवात करा, उंचवट्यापर्यंत या, मग पाठीच्या कण्याचं हाड टाळून दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्यापर्यंत जा. हातापेक्षा तोंडाकडे जास्त लक्ष द्या. खालचा ओठ सैल पडला, मान खाली आली, जांभई आली, की जागा बरोबर आहे. कान मागे गेले, शेपूट झटकली, अंग चोरलं, तर तिथला दाब कमी करा. काही घोडे वरचा ओठ लांबवून तुमच्या खांद्यावर दात टेकवतात. अनेक तबेल्यांत याबद्दल त्यांना फटका बसतो. घोडा चावत नसतो, परतफेड करत असतो. तोंड हळूच बाजूला करा आणि काम चालू ठेवा.

ताप, नायटा किंवा ताजी इजा असेल, तर मालिश करू नये. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : काम सुरू करताच घोड्याला दरदरून घाम सुटला, पुठ्ठे दगडासारखे कडक झाले, पाऊल उचलेना, लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर चोळू नका आणि चालवूही नका. हा स्नायू मोडण्याचा आजार आहे. रविवारी आराम आणि पूर्ण चंदी, सोमवारी काम, या क्रमामुळे युरोपातल्या गाडीच्या घोड्यांत तो 'सोमवारचा आजार' म्हणून ओळखला जाई. पशुवैद्याला बोलवा.

तेव्हा माथेरानकरांना उत्तर : अर्धा तास लागत नाही. खरारा झाल्यावर दहा मिनिटं, दोन्ही बाजूंना सारखी, रोज. पण रोज संध्याकाळी एकाच जागी घोडा अंग चोरत असेल, तर मालिश वाढवू नका, खोगीर तपासा. खोगिराने केलेलं दुखणं हाताने बरं होत नाही, खोगीर बदलल्यावरच होतं. पुढच्या रविवारी नाल, आणि या वेळी नक्की.