मोटारीची वीज व तिची तार

गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे मुरगुडातून निपाणीकडे व राधानगरीकडे जाणारा रस्ता रात्रीही निजत नाही. बिद्री, हमीदवाडा व कागल येथील साखर कारखान्यांकडे उसाच्या ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर एकामागून एक चाललेले असतात. त्यांपैकी कित्येकांवर मूळच्या दिव्यांखेरीज आणखी चार-सहा दिवे, रंगीत माळा व छातीत धडधड उत्पन्न करणारा ध्वनिवर्धक बसविलेला आपण पाहतो. हौसेला मोल नाही असे म्हणतात. परंतु विजेला आहे. चढावर इंजिनाची गती मंदावली की पुढचे दिवे पिवळे पडतात, आणि ट्रॉलीच्या मागचा तांबडा दिवा तर निखाऱ्यासारखा होतो. मागून दुचाकीवरून येणाऱ्यास उसाची ती काळी भिंत अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

अशा वेळी मालक मोठा आल्टर्नेटर आणून बसवितो. ते योग्यही असेल. परंतु नव्वद टक्के काम त्यापुढेच राहिलेले असते, आणि ते तारेचे आहे.

प्रथम हे यंत्र काय आहे ते पाहू. तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलविला असता तारेत वीज उत्पन्न होते, हे मायकेल फॅरडे याने 1831 साली दाखवून दिले. जुन्या मोटारींतील डायनामोमध्ये चुंबक स्थिर असे व वेटोळी फिरत. म्हणून जेवढी वीज निघे तेवढी सर्व फिरत्या भागावरून ब्रशांनी उचलून घ्यावी लागे. यामुळे त्याची शक्ती बेताची राही. लुकास कंपनीचा सी 40 जातीचा डायनामो 22 अँपिअर देई, आणि इंजिन मंद चालले असता जवळजवळ काहीच देत नसे.

आल्टर्नेटरमध्ये हीच व्यवस्था उलट केलेली असते. चुंबक फिरतो व वेटोळी स्थिर राहतात. ब्रशांतून केवळ चुंबकास जागृत ठेवणारा दोन-चार अँपिअरचा प्रवाह जातो. भारी प्रवाह स्थिर वेटोळ्यांतून सरळ बाहेर पडतो. वीजघरांत ही रीत फार जुनी आहे. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत् केंद्र 1915 साली सुरू झाले, तेथेही प्रत्यावर्ती वीजच निर्माण होत असे. मग मोटारीत ती इतकी उशिरा का आली? कारण दिशा बदलणाऱ्या प्रवाहाने बॅटरी भरत नाही. त्यास एकाच दिशेने वाहावयास लावणारे लहान व स्वस्त डायोड उपलब्ध होईपर्यंत थांबणे भाग होते. क्रायस्लर कंपनीने 1960 सालच्या व्हॅलियंट गाडीत आल्टर्नेटर नेहमीचा भाग म्हणून दिला, आणि पुढे डायनामो मागे पडला. आपल्याकडे अद्यापि कित्येक लोक आल्टर्नेटरलाही डायनामोच म्हणतात, त्यास इलाज नाही.

आता तारेकडे येऊ. तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा जेम्स जूल याने 1841 साली प्रसिद्ध केलेला नियम आपल्या वरच्या वर्गांतील मुलांनी पाठ केलेला आहे. तो येथे लावून पाहावा. जुन्या गाडीत आल्टर्नेटरची तार सरळ बॅटरीकडे न जाता चालकापुढील फळीवरील अँमीटरकडे जाते व तेथून परत येते. हा फेरा 4 मीटरचा व तार 6 चौरस मिलिमीटर तांब्याची आहे असे धरू. तिचा रोध सुमारे 0.0115 ओहम भरतो. जुना आल्टर्नेटर 35 अँपिअर देत असता या तारेत 0.4 व्होल्ट दाब खर्ची पडे व सुमारे 14 वॅट उष्णता निघे. ती सहज निभावून जाई. आता त्याच तारेतून 90 अँपिअर नेले, तर दाबाची घट 1 व्होल्टाहून थोडी अधिक होते आणि उष्णता 93 वॅट! प्रवाह अडीच पटींनी वाढला, परंतु उष्णता साडेसहा पटींहून अधिक. ही उष्णता चिकटपट्टीने आवळलेल्या तारांच्या जुडग्यात कोंडते; आवरण मऊ होते, शेजारची तार उघडी पडते, आणि जवळच डिझेलचा नळ असतो. गाडी उभ्या-उभ्या पेटली असे आपण ऐकतो, तेव्हा पुष्कळदा दोष यंत्राचा नसून अशा एखाद्या तारेचा असतो.

शिवाय हेतूही साधत नाही. आल्टर्नेटरच्या तोंडाशी 14.2 व्होल्ट असले तरी भार चालू असेतोवर बॅटरीपर्यंत 13.2 पोचतात, आणि एवढ्या दाबाने ती कधीच पुरी भरत नाही. सकाळी सेल्फ मारावा तर ती उतरलेली. तारेच्या बल्बाचे तर असे आहे की, दाब दहाव्या हिश्शाने घटला तर प्रकाश जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने घटतो.

उपाय साधा आहे. आल्टर्नेटरच्या मुख्य टोकापासून बॅटरीच्या धन टोकापर्यंत 25 चौरस मिलिमीटरची, शक्य तितकी आखूड, स्वतंत्र तार टाकावी. ती 2 मीटर भरली तर त्याच 90 अँपिअरला घट केवळ 0.12 व्होल्ट व उष्णता 11 वॅट राहते. या तारेत 125 अँपिअरचा फ्यूज घालावा, आणि तो बॅटरीच्या बाजूस, अगदी जवळ असावा. फ्यूज यंत्राच्या रक्षणार्थ नसून तारेच्या रक्षणार्थ असतो, हे पुष्कळ कारागीरही विसरतात. तार कोठे लोखंडास टेकली तर शेकडो अँपिअर ओतणारी वस्तू बॅटरीच होय. म्हणून पहारेकरी तिच्याच दाराशी हवा. एवढा प्रवाह सोसण्यासाठी जुना अँमीटर केलेला नसतो. तो काढून व्होल्टमीटर बसवावा.

परतीच्या वाटेकडे मात्र कोणीच पाहत नाही. वीज जितकी जाते तितकीच परत आली पाहिजे. पुष्कळ मोटारींत इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेले असते, आणि रबरातून वीज जात नाही. तेव्हा इंजिन, सांगाडा व बॅटरीचे ऋण टोक यांस जोडणारी अर्थिंगची पट्टीही तेवढीच जाड हवी. तिच्या बोल्टाखालचा रंग व गंज खरवडून काढावा. ट्रॉलीचे दिवे मंद असण्याचे कारण मी तरी बहुतेक वेळा येथेच पाहिले आहे: ट्रॉलीला परतीची तारच नसते, आणि बिचारी वीज गंजलेल्या आकड्यातून वाट काढीत येते.

परीक्षा करावयाची तर मीटर घ्यावा. इंजिन मध्यम गतीने चालू ठेवून सर्व दिवे लावावेत. मीटरचे एक टोक आल्टर्नेटरच्या मुख्य टोकास व दुसरे बॅटरीच्या धन टोकास लावावे, 0.3 व्होल्टाहून अधिक दिसल्यास वाटेत अडथळा आहे. तसेच आल्टर्नेटरच्या अंगास व बॅटरीच्या ऋण टोकास लावून पाहावे, तेथे 0.2 पुरे झाले.

पालकांपैकी ज्यांचे ट्रॅक्टर आहेत त्यांना एक हिशेब सांगतो. 14 व्होल्ट व 90 अँपिअर म्हणजे 1260 वॅट. यंत्रातील नुकसान धरता त्यासाठी इंजिनाची सुमारे तीन अश्वशक्ती खर्ची पडते व तेवढे डिझेल जळते. पट्टा ढिला असल्यास तो घसरून किंचाळू लागतो, हे वेगळेच. म्हणून माझे मत असे की, आधी तारेचे बल्ब काढून चांगले एलईडी दिवे लावावेत, गाणी थोडी हळू वाजवावीत, आणि मग मोठा आल्टर्नेटर खरोखर हवा आहे काय ते पाहावे. अनेकदा नको असतो. नवीन गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारे उपकरण असते. तेथे तारांस आपण हात न लावणेच बरे.

इंजिन चालू असता बॅटरीची तार कदापि सोडू नये. दाब एकाएकी उसळून डायोड व रेग्युलेटर जळतात. धन-ऋण टोके उलटी जोडल्यासही डायोड क्षणात जातात. आणि ट्रॉलीचा आकडा तुटून वेल्डिंग करण्याची पाळी आली, तर आधी इंजिन बंद करून बॅटरीच्या व आल्टर्नेटरच्या तारा सोडाव्यात, ट्रॉली ट्रॅक्टरपासून वेगळी करावी, आणि वेल्डिंगची अर्थ जोडाच्या अगदी लगत लावावी.