दोन एमएमची नक्षी

सकाळी ८:१५. सांगली फाट्यावरून आत वळलं की भाजलेल्या वाळूचा वास येतो. शिरोली एमआयडीसी म्हणजे फाउंड्री, गाड्यांची कास्टिंगं. या शेडमध्ये मात्र बंगल्यांच्या एलिव्हेशनची जाळी कापतात. ऑपरेटर चिलर चालू करतो, लेझरची काच अ‍ॅसिटोननं पुसतो.

८:४५. शीट दोघांनी उचलायची. 8 बाय 4 फूट, जाडी 2 एमएम, वजन 47 किलो. हेल्परच्या हातमोज्यातून अंगठा बाहेर आलाय.

९:३०. गिऱ्हाइकानं गेटसाठी कोल्हापूरच्या न्यू पॅलेसच्या कमानीचा फोटो पाठवलाय. ‘सेम असंच.’ मेजर मँटनं आखलेला, 1884 ला पुरा झालेला राजवाडा. तिथल्या काळ्या दगडाला खोली आहे, पत्र्याला नुसतं भोक. आणि फुलाभोवती सलग रेघ मारली तर फूलच खाली पडणार. म्हणून ऑपरेटर स्क्रीनवर रेघ जागोजागी तोडतो, ब्रिज ठेवतो.

‘दादा, 2 एमएमचा ब्रिज बरा दिसंल.’

‘दिसंल, पण गेट आपटलं की मोडंल. 4 ठेव.’

माझ्या मते नक्षीतली खरी अक्कल इथं लागते. गिऱ्हाइकाला हे ब्रिज दिसू नयेत, एवढीच अपेक्षा.

११:००. नायट्रोजननं कापलं तर कड पांढरी येते, पण गॅस महाग. गिऱ्हाईक भाव पाडून गेलंय, म्हणजे ऑक्सिजन. त्यानं कडेला काळा पापुद्रा धरतो. तो तसाच राहिला तर वरचा रंग कडेनं सुटतो, म्हणून हातानं घासून काढायचा. मशीनवर वाचलेले पैसे हेल्परच्या मनगटातून वसूल.

दुपारी १:००. भाकरी, झुणका, खर्डा. हेल्परची हजेरी 450 रुपये. ओटी मिळाली तर 600 पर्यंत जाते.

१:४५. कोपऱ्यात ग्राइंडर शिरत नाही. बारीक गोल कानस घ्यायची, पाकळीच्या टोकाशी टेकवायची, तीनदा ओढायची. पुढली पाकळी. मधूनच बोट फिरवून बघतो; धार लागली की पुन्हा कानस. चहा येतो, निवतो. मधे भोकं जास्त, त्यामुळं तापून शीटनं पोट काढलंय. ते लाकडी हातोड्यानं बसवतात.

५:१५. टेम्पो पावडर कोटिंगला निघतो. भाडं 400. तिथं 200 अंशांच्या भट्टीत रंग भाजून बसेल. रंग ‘अँटिक गोल्ड’.

६:३०. मशीनखालचा ट्रे ओढला. पाकळ्या, चांदण्या, अर्धचंद्र. काट्यावर 16 किलो. बिल पूर्ण शीटचं लागलंय. भोकं मालकाची, ती भंगारात जातात.