रंग उतरतो, रंग चढतो

सराफाकडच्या पोवळ्याचा लाल रंग त्याच्या सांगाड्यातच मुरलेला असतो. भूमध्य समुद्राच्या अंधाऱ्या कपारींत वाढलेला तो प्राणी मरून पिढ्या लोटल्या, तरी आजीच्या अंगठीतलं पोवळं लालच राहतं. उष्ण कटिबंधातल्या उथळ समुद्रात भित्ती उभारणाऱ्या प्रवाळांचं तसं नाही. त्यांचा सांगाडा चुनखडीचा आणि, एकदोन जातींचा अपवाद सोडला तर, पांढराफटक. सगळा रंग वरच्या मांसाच्या पातळ थरात असतो आणि तो थर जिवंत असल्यामुळे रंगाचा भरवसा नसतो. घरच्या टाकीत प्रवाळ पाळणाऱ्यांची हौस, खर्च आणि वैताग या सगळ्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: दुकानात जांभळाजर्द दिसलेला तुकडा घरी आणल्यावर महिन्याभरात तपकिरी का होतो?

घरात जिवंत प्रवाळ वाढवणं ही तशी अलीकडची गोष्ट. जाकार्तातल्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली: समुद्रातून आणलेले जिवंत खडक, समुद्राचंच पाणी, हवेचे बुडबुडे आणि भरपूर ऊन. पुढे जर्मन शौकिनांनी जिवंत खडक, फेसातून मळ काढणारा प्रोटीन स्किमर आणि प्रखर मेटल हॅलाइड दिवे यांची जी सांगड घातली, ती ‘बर्लिन पद्धत’ म्हणून प्रसिद्ध झाली. १९९४ मध्ये डेलबीक आणि स्प्रंग यांच्या ‘द रीफ अ‍ॅक्वेरियम’ या ग्रंथाचा पहिला खंड आला आणि हा शौक जगभर फोफावला. प्रवाळ नुसतं जगवणं जमू लागल्यावर लोक रंगांच्या मागे लागले. अ‍ॅक्रोपोरा या फांदीदार प्रवाळाच्या एका वाणाला ‘वॉल्ट डिस्नी’ असं नाव आहे, एवढ्यावरून काय ते समजावं.

प्रवाळाच्या अंगावर खरं तर तीन वेगळे रंग एकमेकांत मिसळलेले असतात. पहिला तपकिरी, आणि तो त्याचा स्वतःचा नाही. प्रवाळाच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं राहतात, एका चौरस सेंटिमीटरमध्ये दहा लाखांच्या घरात. दिवसा ती प्रकाशावर साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतात. यजमान त्यांना निवारा देतो आणि आपल्या मलमूत्रातलं नत्र आणि फॉस्फरस पुरवतो. या शैवालांमधलं पेरिडिनिन नावाचं द्रव्य आणि हरितद्रव्य मिळून जो रंग होतो तो सोनेरी-तपकिरी. शैवालं वाढली की रंगीत काचेवर काजळी धरावी तसे प्रवाळाचे स्वतःचे रंग त्यांच्याखाली झाकले जातात. रंग गेलेला नसतो, दिसत नसतो.

दुसरा आणि तिसरा रंग मात्र प्रवाळाच्या घरचे. दोन्ही एकाच कुळातल्या प्रथिनांचे. त्यातली काही प्रथिनं निळा प्रकाश पितात आणि हिरवा, नारिंगी किंवा लाल प्रकाश बाहेर टाकतात. यालाच फ्लुरोसन्स म्हणतात. काही नुसतीच प्रकाश पितात, परत काही देत नाहीत. त्यांच्यामुळे फांद्यांची टोकं गुलाबी, जांभळी, निळी दिसतात. यांना क्रोमोप्रोटीन म्हणतात. या कुळाचा मूळपुरुष म्हणजे ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये जेलीफिशमधून वेगळं केलेलं हिरवं प्रथिन, ज्यासाठी २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना विभागून मिळालं.

पण त्या प्रथिनाची लाल भावंडं सापडली ती मत्स्यालयामुळे. मॉस्कोतल्या संशोधकांनी टाकीत वाढवलेल्या प्रवाळवर्गीय प्राण्यांमध्ये हिरव्या प्रथिनाचे नातेवाईक शोधायला सुरुवात केली. अशी प्रथिनं स्वतः उजेड पाडणाऱ्या प्राण्यांतच असणार, असा तोवर समज होता. हे प्राणी तर स्वतः चमकत नव्हते. १९९९ मध्ये त्यांनी जे जाहीर केलं त्यात डिस्कोसोमा या छत्रीसारख्या मऊ जीवातलं एक लाल प्रथिन होतं. आज पेशींचा अभ्यास करणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत ‘डीएसरेड’ म्हटलं की लोक ओळखतात. पाठोपाठ जपानमध्ये मियावाकी यांच्या गटाला ट्रॅकिफिलिया या, शौकिनांच्या टाकीत नेहमी दिसणाऱ्या, प्रवाळात एक हिरवं प्रथिन मिळालं. त्याचा नमुना टेबलावर तसाच राहिला आणि दुसऱ्या दिवशी पाहतात तर लाल! जांभळ्या-अतिनील प्रकाशाने ते कायमचं हिरव्याचं लाल होतं. शरदात रंग बदलणाऱ्या मेपलच्या झाडावरून त्याचं नाव ठेवलं ‘काएदे’. टाकीवरच्या दिव्यात जांभळा पट्टा किती आहे यावर काही प्रवाळांचा लाल का अवलंबून असतो, याचं एक उत्तर टेबलावर विसरलेल्या या नमुन्यात आहे.

आता दिव्यांकडे येऊ. श्टुटगार्टला राहणाऱ्या, मूळच्या मिरजेच्या माझ्या एका मित्राकडे अशी टाकी आहे. जर्मनीतली टाकी का, याला कारण आहे. ते पुढे येईलच. संध्याकाळी त्याने पांढरे एलईडी बंद करून फक्त निळे ठेवले आणि मला पिवळ्या काचेचा चष्मा दिला. चष्मा निळा प्रकाश अडवतो, म्हणजे डोळ्यापर्यंत पोचतो तो फक्त प्रवाळाने परत टाकलेला. दुपारी मळकट दिसलेल्या दगडावर प्रत्येक पॉलिपचं, म्हणजे वसाहतीतल्या एकेका इवल्या जीवाचं, तोंड हिरवंगार पेटलं होतं, भोवतीच्या स्पर्शिका नारिंगी, आणि ज्या कडेने मांस नव्याने वाढत होतं ती कड सर्वांत तेजस्वी. मग त्याने पांढरे दिवे लावले आणि सगळं परत मळकट! प्राणी तोच, पाणी तेच. विक्रेते फोटो कुठल्या दिव्याखाली काढत असतील, हे सांगायला नको. या धंद्यातली निम्मी निराशा तपकिरी होण्याची नसतेच. ती दिव्याची असते.

उरलेल्या निम्म्याचं कारण जीवशास्त्रात आहे. समुद्राचं पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच गिळतं. खोलवर पोचतो तो निळा. त्यामुळे प्रवाळाच्या दृष्टीने निळा प्रकाश हाच ऊन किती आहे याचा निरोप. साउदॅम्प्टन विद्यापीठात यॉर्ग वीडेनमान यांच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये दाखवून दिलं, की रंगद्रव्यांची जनुकं चालू-बंद होतात ती मुख्यतः निळ्या प्रकाशाच्या मात्रेनुसार. ऊन वाढलं की काही जाती गुलाबी-जांभळी प्रथिनं जास्त तयार करतात आणि आतल्या शैवालांवर सावली धरतात. म्हणजे ज्याला आपण शृंगार समजतो ती बऱ्याचदा छत्री असते. दिवा मंद असेल तर प्रवाळ उलट वागतो: छत्री मिटतो आणि मिळेल तो प्रकाश पकडायला शैवालं वाढू देतो. झाला तपकिरी.

शौकीन प्रकाश मोजतात तो ‘पार’ या मापाने, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश किती पडतो त्यावरून. भर दुपारी उष्ण कटिबंधात समुद्राच्या पृष्ठभागावर तो २००० च्या आसपास असतो. घरच्या टाकीत मऊ प्रवाळांना ५० ते १०० पुरतो, मांसल मोठ्या पॉलिपवाल्यांना साधारण १५० पर्यंत, आणि अ‍ॅक्रोपोरासारख्या फांदीदार जातींना २०० ते ३५०. नवा तुकडा एकदम प्रखर दिव्याखाली ठेवला तर तो रंगत नाही, पांढरा पडतो. खाली, सावलीत ठेवून काही आठवड्यांत हळूहळू वर न्यायचा, हा रिवाज. एलईडी आल्यापासून मोबाइलवर प्रत्येक रंगाची पट्टी मागेपुढे सरकवता येते, आणि माझ्या मते तीच आजची सर्वांत मोठी पीडा आहे. मेटल हॅलाइडच्या काळात दिवा एकदा टांगला की टांगला. प्रवाळाला त्याच्याशी जमवून घ्यायला महिने मिळत. आता मालक रोज रात्री सोफ्यावर बसून सूर्य बदलतो.

पाण्याचा विषय जास्त किचकट आहे, आणि गंमतही तिथेच जास्त. प्रवाळभित्तीवरच्या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट जवळजवळ नसल्यात जमा. हे वाचून शौकिनांच्या एका पिढीने ठरवलं, की टाकीतही शून्य हवं. घरच्या टाकीत माशांना रोज खाणं पडतं, त्यामुळे फॉस्फेट सहज वाढतं. जास्त झालं तर शैवालं फोफावतात, शिवाय सांगाडा घडण्याची क्रियाही मंदावते. म्हणून स्किमर, फॉस्फेट शोषणारी लोहाची भुकटी, जीवाणूंना खाऊ घालण्यासाठी व्होडकाचे थेंब (होय, खरीखुरी व्होडका!) असे उपाय सुरू झाले. परिणाम चटकदार दिसला. शैवालं कमी झाली, खालचे फिके गुलाबी, आकाशी, लिंबू रंग उघडे पडले. या ‘पेस्टल’ रंगांना काही काळ फार मान होता.

पण भित्तीवर पाणी गरीब असलं तरी जेवण गरीब नसतं. तिथे लाटांबरोबर प्लवकांचा प्रवाह अखंड वाहत असतो आणि माशांचे थवे डोक्यावरून शिटत जातात. घरच्या गाळलेल्या पाण्यात यातलं काही नाही, आणि वर नायट्रेट-फॉस्फेटही शून्य. म्हणजे प्रवाळ चक्क उपाशी. ते सुंदर फिके रंग म्हणजे पुष्कळदा अशक्तपणा होता. जरा उष्मा वाढला किंवा पाण्याची क्षारता, म्हणजे अल्कलिनिटी, हलली की मांस बुडापासून सुटू लागे. वीडेनमान यांच्या गटाने २०१३ मध्ये आणि नंतरही हेच दाखवलं: नायट्रेट असून फॉस्फेट नसेल तर शैवालांना फॉस्फरसची उपासमार होते, आणि अशा प्रवाळाला ऊन आणि उष्मा सोसत नाही. आता जाणती मंडळी नायट्रेट लिटरमागे २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम राखायला सांगतात. काही जण तर चक्क विकतचं नायट्रेट पाण्यात घालतात. वीस वर्षांपूर्वी कुणी असं सुचवलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

हे मोजणंही सोपं नाही. मित्राकडे मुठीत मावणारं एक यंत्र आहे. काचेच्या कुपीत दहा मिलिलिटर पाणी घ्यायचं, कुपी बाहेरून कापडाने पुसायची, कारण बोटाचा ठसासुद्धा आकडा बिघडवतो. एकदा शून्य दाखवून घ्यायचं, मग पुडीतली भुकटी टाकायची, ती नेहमी कागदाच्या कोपऱ्यात अडकते, कुपी हलवायची, पण बुडबुडे येता कामा नयेत. पुढे तीन मिनिटं पडद्यावर उलटी मोजणी. आकडा येतो ०.०६. आणि या यंत्राची चूकच ०.०४ पर्यंत असू शकते, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात छापलेलं आहे. तरी तो आकडा तो वहीत लिहून ठेवतो, आणि ते बरोबरच आहे. एकट्या आकड्याला अर्थ नसला तरी ओळीने लिहिलेले आकडे वर चाललेत की खाली, हे कळतं.

या क्षारतेचा रंगाशी संबंध आडवाटेने येतो. प्रवाळ पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन सांगाडा बांधतो, त्यामुळे दोन्ही रोज घटतात आणि रोज भरावी लागतात. समुद्राची क्षारता जर्मन मापात ७ च्या आसपास असते, कॅल्शियम लिटरमागे ४१० ते ४२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम साधारण १३००. वाढ भरभर व्हावी म्हणून क्षारता १० - ११ वर नेली आणि पाण्यात खाणं मात्र नसलं, तर फांद्यांची टोकं पांढरी पडतात. सांगाडा पुढे धावतो आणि मांस मागे राहतं, असं शौकीन म्हणतात. सात की नऊ, यापेक्षा रोज एकच असणं महत्त्वाचं.

आणि मग त्या बाटल्या. निळ्यासाठी पोटॅशियम, जांभळ्यासाठी आयोडीन, हिरव्यासाठी लोह: दुकानाची एक अख्खी फळी या रंगसूत्रांनी भरलेली असते. यातल्या शेवटच्या दाव्याबद्दल जरा बोलायला हवं. हिरव्या प्रथिनातला रंग देणारा भाग त्या प्रथिनाच्या स्वतःच्याच तीन अमिनो आम्लांपासून घडतो. त्याला बाहेरून लागतो तो फक्त ऑक्सिजन. कुठलाही धातू त्यात नसतो. लोह शैवालांना हवं असतं, त्यामुळे लोहाने प्रवाळात काही बदल दिसला तर तो शैवालांच्या वाटेने आलेला. पोटॅशियम समुद्रात लिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या जवळपास असतं. टाकीत ते फार घसरलं असेल तर भरून काढावं, पण आधीच पुरेसं असताना आणखी ओतून निळा गडद होईल ही आशा विक्रेत्याच्याच फायद्याची. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून तीसेक मूलद्रव्यं मोजून घेण्याची सोय युरोपात आहे. बाटली घेण्याआधी तो खर्च करणं स्वस्त पडतं.

टाकीतलं हे ज्ञान उलटं समुद्रात गेलं ते २०२० मध्ये. समुद्र तापला की प्रवाळ शैवालं गमावून पांढरे पडतात, हे सर्वांना माहीत आहे. पण काही वेळा ते पांढरे न पडता भडक निऑन गुलाबी, जांभळे, पिवळे होतात. न्यू कॅलेडोनियातली अशी दृश्यं ‘चेसिंग कोरल’ या माहितीपटात आहेत. साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या टाक्यांत ते घडवून पाहिलं. शैवालं कमी झाली की आतला पांढरा सांगाडा आरशाचं काम करतो, मांसात निळा प्रकाश उसळतो, आणि त्या निरोपावरून प्रवाळ रंगद्रव्यं भराभर बनवतो. त्या छत्रीखाली काही वेळा शैवालं परततात. उष्मा सौम्य असेल किंवा खाण्याचा तोल बिघडला असेल तर हे घडतं. उष्मा तीव्र असेल तर छत्री उघडायलाही वेळ मिळत नाही.

आता जर्मनीतली टाकी का, ते. आपल्याकडे भित्ती बांधणारी सगळी कठीण प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. किनाऱ्यावरून ती तोडणं, विकणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि ‘परदेशातून आलंय’ असं सांगणाऱ्या दुकानदाराकडे कागद नसतील तर घेणाराही अडचणीत येतो. पाहायचीच असतील तर १९८७ मध्ये घोषित झालेलं मालवणचं सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ, गढूळशा पाण्यात प्रवाळं आहेत. मात्र तिथे स्नॉर्केलिंग करून वर आलेले पर्यटक बोटवाल्याकडे हमखास तक्रार करतात, की टीव्हीवर दाखवतात तसे रंग काही दिसले नाहीत, सगळं तपकिरीच होतं. ते तपकिरी असणं म्हणजे शैवालं जागेवर आहेत, हे त्या बोटवाल्याने तरी त्यांना सांगायला हवं.