सामन्यापूर्वीची किक : कॅमेऱ्यातून

सयाजीगंजातील आम्हा मराठी डॉक्टरांच्या बैठकीत क्रिकेट नित्याचे. रग्बीचे नाव निघाले की मात्र चेहरे कोरे होतात. मुंबईच्या बॉम्बे जिमखान्यावर (स्थापना १८७५) भर पावसाळ्यात रंगणारा हा खेळ छायाचित्रांत टिपण्याचा मला छंद आहे. सामन्यापेक्षा त्याआधीचा अर्धा तास मला अधिक मोलाचा वाटतो, कारण सरावात तोच खेळाडू त्याच जागेवरून तीच किक दहा-वीस वेळा मारतो.

चेंडू लंबगोल, सुमारे ४१० ते ४६० ग्रॅम वजनाचा. तो ५.६ मीटर अंतरावरील दोन खांबांमधून, ३ मीटर उंचीच्या आडव्या दांडीवरून धाडावयाचा असतो. पाय चेंडूला भिडतो तो क्षण सेकंदाच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढा. तेव्हा शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान हवे. ढगाळ प्रकाशात त्यासाठी आयएसओ वाढवावा लागतो व छायाचित्र थोडे दाणेदार येते. येऊ द्यावे. फ्लॅश मात्र वर्ज्य. इंग्लंडचा जॉनी विल्किन्सन किकपूर्वी हात जुळवून स्तब्ध उभा राहत असे. अशा वेळी कॅमेऱ्याचा आवाजही नको.

हौशी छायाचित्रकार उडालेल्या चेंडूमागे धावतो. वैद्यकाने पाय मागे खेचला जातो तो क्षण पाहावा. तेथे खुबा मागे ताणलेला व गुडघा दुमडलेला असतो. रेक्टस फेमोरिस हा स्नायू दोन्ही सांध्यांवरून जात असल्याने तो दुहेरी ताणला जातो आणि लगेच त्याला जोराने आकुंचन पावावे लागते. वाढत्या वयाच्या मुलांत हाडाची वाढ पूर्ण झालेली नसते. अशा वेळी स्नायूऐवजी त्याच्या उगमाचा, अँटिरिअर इन्फिरिअर इलियाक स्पाइनचा, तुकडाच निखळू शकतो. मुलगा ‘जांघेत लचक भरली’ एवढेच सांगतो, आणि क्ष-किरण चित्र न काढता मलम देऊन त्याची बोळवण होण्याचा धोका असतो. संघातील जागा जाईल या भीतीने पुष्कळदा तो तेवढेही सांगत नाही.

म्हणून मी किक मारणाऱ्या पायाच्या बाजूस एकाच जागी उभा राहून पहिली व विसावी किक टिपतो. पाय मागे कमी जाऊ लागला, धड एका बाजूस झुकू लागले, तर ते शेजारी ठेवलेल्या चित्रांत दिसते. एकट्या चित्रावर विसंबू नये. क्षण किंचित चुकला तरी ते फसवते. फ्रेंच वैद्यक व शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांनी १८८२ मध्ये चालीचे टप्पे एकाच काचेवर उमटवले, ते याच क्रमाच्या शोधात.

खेळाडूची, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकांची, अनुमती आधी घ्यावी; चित्रे प्रथम त्यांनाच दाखवावीत.