अग्निबाणाआधींचा कागद

अग्निबाण आकाशांत झेपावतो तो क्षण आपण सर्वांनीं चित्रांत पाहिलेला असतो. परंतु त्या ज्वालांच्या आधीं किती कागद खर्चीं पडलेला असतो, याची कल्पना क्वचितच कोणास असते. अमेरिकेंत अंतराळाचें बरेंचसें काम सरकार मक्त्यानें करवून घेतें, आणि मक्ता मिळविण्यासाठीं प्रथम प्रस्ताव लिहावा लागतो. हा प्रस्ताव लिहिण्यास साहाय्य करणारीं सॉफ्टवेअरें आतां निघालीं आहेत. दहा-बारा माणसांच्या कंपनीला त्यांचा उपयोग किती, आणि तिनें त्यांवर विसंबावें कोठवर, हा प्रश्न त्या माणसांच्या चरितार्थाचा आहे. म्हणून त्याचा थोडा विचार येथें योजिला आहे.

लहानांसही मोठ्यांच्या पंक्तींत पान मिळावें, या हेतूनें अमेरिकेनें १९८२ सालीं एक कायदा केला. ज्या सरकारी खात्यांचा बाहेरून संशोधन करवून घेण्याचा वार्षिक खर्च दहा कोटी डॉलरांहून अधिक, त्यांनीं त्यांतील कांहीं हिस्सा पांचशेंपर्यंत माणसें असलेल्या कंपन्यांसाठीं राखून ठेवावा, असा त्या योजनेचा आशय. हा हिस्सा वाढत वाढत २०१७ सालीं शेंकडा ३.२ झाला. ‘नासा’च्या २०२४ सालच्या योजनेंत पहिल्या टप्प्यास सहा महिन्यांकरितां दीड लाख डॉलरपर्यंत, आणि त्यांत उतरलेल्यांना दुसऱ्या टप्प्यास दोन वर्षांकरितां साडेआठ लाख डॉलरपर्यंत रक्कम ठेवलेली होती. मोठ्या कंपनीच्या हिशेबीं ही रक्कम किरकोळ. नवख्या कंपनीस मात्र तेवढ्यावर दोन-तीन वर्षें जगतां येतें.

पण पान मांडलें म्हणून घास आपोआप तोंडांत जात नाहीं. मोठ्या कंपन्यांत प्रस्ताव लिहिण्याचें स्वतंत्र खातें असतें. लहान कंपनींत दिवसा जो अभियंता यंत्राची जुळणी करतो, त्यालाच रात्रीं लेखणी हातीं धरावी लागते. मोठ्या मक्त्याचें मागणीपत्रक रूढ पद्धतीनें ‘ए’पासून ‘एम्’पर्यंत तेरा भागांचें असतें. ‘सी’ भागांत काम काय तें सांगितलेलें असतें; ‘एल्’मध्यें प्रस्ताव कसा लिहावा याच्या आज्ञा असतात, आणि ‘एम्’मध्यें परीक्षक गुण कशाला देणार तें असतें. शिवाय १९८४ पासून अमलांत असलेल्या सरकारी खरेदीच्या संहितेंतील कलमें जोडलेलीं असतात, तीं वेगळींच. पानांची मर्यादा, अक्षराचा आकार, जोडपत्रें, मुदतीची वेळ, हें सर्व ठरलेलें असतें. कल्पना उत्तम असूनही एखादें जोडपत्र राहिलें, किंवा मुदत थोडक्यांत हुकली, तर प्रस्ताव न वाचतांच बाद होऊं शकतो. आणि त्यासाठीं केलेल्या जागरणांचा मोबदला कोणी देत नाहीं.

सॉफ्टवेअर उपयोगी पडतें तें येथें. प्रथम तें सरकारच्या संकेतस्थळावर निघणाऱ्या असंख्य सूचनांतून त्या कंपनीच्या कामाच्या तेवढ्या वेंचून काढतें. नंतर तें मागणीपत्रकाचें वाक्यवाक्य सुटें करतें. मीमांसक वेदवाक्यांत विधि कोणता आणि अर्थवाद कोणता, हें जसें निवडतात, तसेंच हें काम आहे. ‘शॅल’ किंवा ‘मस्ट’ हे शब्द आले कीं तो विधि. बाकीचा पुष्कळसा मजकूर प्रास्ताविक. अशा प्रत्येक विधीची नोंद एका तक्त्यांत होते: मागणी कोणती, तिचें उत्तर आपल्या प्रस्तावाच्या कोणत्या पानावर, तें लिहिणार कोण, आणि लिहून झालें कीं नाहीं. पूर्वीं अनुभवी माणूस हा तक्ता हातानें करीत असे, व त्यांत त्याचे कित्येक दिवस जात. आतां पहिला मसुदा थोड्या वेळांत हातीं येतो. कंपनीचे जुने प्रस्ताव पुरविले तर त्यांच्या आधारें नव्याचा कच्चा खर्डाही मिळतो.

एवढें श्रेय दिल्यावर मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पाणिनीच्या सूत्रांत मागील सूत्रांतलें पद पुढच्या सूत्रांत अनुवृत्तीनें येतें, आणि तें ध्यानांत न घेतां सुटें सूत्र वाचणारा विद्यार्थी भलताच अर्थ करतो. मागणीपत्रकाचेंही असेंच आहे. वरच्या मथळ्यांतील अट खालच्या दहा वाक्यांना लागू असते. मागाहून निघालेलें दुरुस्तीपत्रक आधींची अट फिरवितें. यंत्रानें वाक्य तोडलें कीं हा संबंध निसटूं शकतो. म्हणून तक्ता हातीं आल्यावर मूळ पत्रक एकदां माणसानें आरंभापासून अखेरपर्यंत वाचलेंच पाहिजे.

दुसरी मर्यादा गुप्ततेची. अग्निबाणासारख्या वस्तूंची तांत्रिक माहिती तेथील निर्यातनिर्बंधांखालीं येते. परदेशी नागरिकास ती नुसती दाखविणें, मग तो अमेरिकेंतच का बसलेला असेना, निर्यात समजलें जातें. कायम निवासाचा परवाना असलेल्यास मात्र हें बंधन नाहीं. आपल्या घरांतून तिकडे शिकावयास गेलेल्या तरुणांना या क्षेत्रांत सहज शिरकाव कां मिळत नाहीं, याचें एक कारण हेंच. तेव्हां ती माहिती ज्या सॉफ्टवेअरच्या स्वाधीन करावयाची, तें ती कोठें सांठवितें आणि कोणाच्या दृष्टीस पडूं देतें, हें आधीं विचारून घेतलें पाहिजे.

तिसरी मर्यादा सर्वांत मोठी. यंत्राचें लिहिणें अस्खलित असतें. पण जें आपल्या हातून कधीं झालें नाहीं, तेंही तें झाल्यासारखें लिहूं शकतें. शिवाय लिहिणें सोपें झालें कीं अर्जांचा पूर येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें या कारणास्तव २०२५ सालीं एका संशोधकास वर्षाला सहा अर्जांची मर्यादा घातली, आणि मुख्यतः यंत्रानें लिहिलेला अर्ज त्याचा स्वतःचा मानणार नाहीं, असें जाहीर केलें.

मक्ता मिळणें आणि काम तडीस जाणें यांत किती अंतर असतें, याचें उदाहरण कॅलिफोर्नियांतील मोहावी येथील ‘मॅस्टन स्पेस सिस्टिम्स’ या लहान कंपनीचें. ती २००४ सालीं निघाली. उभें उडून उभेंच उतरणाऱ्या अग्निबाणांच्या स्पर्धेंत २००९ सालीं तिनें दहा लाख डॉलरांचें पारितोषिक मिळविलें. म्हणजे कर्तबगारींत ती उणी नव्हती. एप्रिल २०२० मध्यें ‘नासा’नें तिला चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उपकरणें पोंचविण्याचा ७ कोटी ५९ लाख डॉलरांचा मक्ता दिला. रक्कम ठराविक होती. खर्च वाढला तर तो कंपनीच्याच माथीं. प्रयाण २०२२ सालीं व्हावयाचें तें लांबलें, पैसा पुरेना, आणि जुलै २०२२ मध्यें कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला. तिची मालमत्ता पिट्सबर्गच्या ‘ॲस्ट्रोबॉटिक’ कंपनीनें त्याच वर्षीं विकत घेतली. यान चंद्रावर गेलेंच नाहीं. प्रस्ताव तेवढा यशस्वी झाला होता.

कोणत्याही कार्यारंभीं संकल्प करतांना आपण देश, काळ, स्वतःचें नांव आणि कार्य यांचा उच्चार करतों. शब्द पुरोहित सांगतो. पाणी मात्र यजमानाच्याच हातून सुटतें. प्रस्तावाचेंही तसेंच आहे. विधि मोजावे, तक्ता मांडावा, राहिलेलें जोडपत्र दाखवावें, हीं पुरोहिताचीं कामें सॉफ्टवेअरकडे खुशाल द्यावींत. त्यायोगें लहान कंपनीचीं जागरणें वांचतील. परंतु किती महिन्यांत, किती डॉलरांत आणि कोणाच्या हातून काम होणार, हे आंकडे ज्यांना तें करावयाचें आहे त्यांनींच एकत्र बसून ठरवावे. ते ठरतां ठरेनात, तर त्या खेपेस प्रस्ताव न पाठविणें हेंच शहाणपणाचें.