भिंतीवरून उतरलेला पहारेकरी

बालमित्रांनो, घरात इस्त्री चालू असताना कधी कान देऊन ऐकलंय? इस्त्री पुरेशी तापली की आतून 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि लाल दिवा विझतो. थोड्या वेळाने पुन्हा 'टक्', पुन्हा दिवा लागतो. कुणी बटण दाबलेलं नसतं! आत दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट चिकटवलेल्या असतात. तापल्यावर एक जास्त लांबते, दुसरी कमी. मग जोडपट्टी वाकते आणि वीज तुटते. निवली की सरळ होते आणि वीज पुन्हा सुरू. हाच आपला थर्मोस्टॅट. आपल्याकडे तो इस्त्रीत, गीझरमध्ये लपून बसतो. पण थंड देशांत, जिथे अख्खं घर तापवावं लागतं, तिथे तो भिंतीवर ऐटीत बसून पहारा करतो.

असाच एक पहारेकरी बदलला जात असताना मी तिथे हजर होतो. त्याचीच ही हकिगत.

माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, साताऱ्याहून अमेरिकेतल्या मिनियापोलिसला मुलाकडे राहायला गेली होती. जानेवारीत मीही तिथे पोचलो. बाहेर उणे वीस अंश! नाकातलं पाणीसुद्धा गोठल्यासारखं वाटायचं. घरात मात्र साध्या सदऱ्यावर बसता यायचं, कारण तळघरात गॅसवर चालणारी मोठी भट्टी होती. तिला तिथे फर्नेस म्हणतात. फर्नेस हवा तापवते, आतला पंखा ती हवा पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत ढकलतो. उन्हाळ्यात याच नळांतून गार हवा खेळते. फर्नेस केव्हा पेटायची आणि केव्हा विझायची, हे मात्र भिंतीवरचा थर्मोस्टॅट ठरवणार.

इथेच घोटाळा होता. जुना गोल थर्मोस्टॅट होता स्वयंपाकघराच्या दाराशी. संध्याकाळी ताईने भाकरी टाकायला घेतल्या, की तिथली हवा तापायची. थर्मोस्टॅटला वाटायचं, घर ऊबदार झालं! तो फर्नेस बंद करायचा. आणि ताईची खोली कुठे? घराच्या उत्तर टोकाला, गॅरेजच्या वर. तिथे हुडहुडी भरायची. बिचाऱ्या थर्मोस्टॅटची तरी काय चूक? तो जिथे टांगलेला असतो तेवढ्याच जागेची हवा त्याला कळते.

"मग त्याला आजीच्या खोलीत नेऊन टांगा ना!" ताईची नात म्हणाली. ती सातवीत.

"अगं, त्याच्या तारा भिंतीतून तळघरापर्यंत गेल्यात. भिंत फोडू का?" इति भाचा.

म्हणून मग बिनतारी थर्मोस्टॅट आणायचा ठरला. याचे दोन भाग असतात. एक, बॅटरीवर चालणारा छोटा डबा. तो तापमान मोजतो. दुसरा, रिसीव्हर. तो फर्नेसजवळ बसवायचा. डबा रेडिओलहरींनी रिसीव्हरला सांगतो, 'पेटव' किंवा 'बंद कर'. आपल्या टीव्हीच्या रिमोटमधून प्रकाशाचे अदृश्य किरण निघतात, मध्ये कुणी आलं की ते अडतात. रेडिओलहरी तशा अडत नाहीत, भिंती-मजले ओलांडून जातात.

शनिवारी सकाळी भाच्याने आधी वीजपेटीतला फर्नेसचा खटका पाडला. (मुलांनो, हे काम मोठ्यांचंच. तुम्ही बॅटरी धरून उजेड दाखवायचा!) मग फर्नेसचं झाकण काढलं. आत रंगीबेरंगी तारा आणि प्रत्येकीपुढे एक इंग्रजी अक्षर. 'आर' म्हणजे वीज आणणारी, 'डब्ल्यू' तापवण्याची, 'वाय' गार करण्याची, 'जी' पंख्याची आणि 'सी' वीज परत नेणारी. ही वीज फक्त २४ व्होल्टची, पण 'आर' आणि 'सी' चुकून एकमेकींना चिकटल्या तर फ्यूज उडतो. नातीने तारा सोडवण्याआधी फोनवर फोटो काढून ठेवला. अगदी शहाणपणाचं काम केलं पोरीने! तारांच्या रंगांवर भरवसा ठेवू नये, अक्षरंच बघावीत, कारण आधीच्या कारागिराने हाताशी जी तार होती ती जोडलेली असू शकते.

तारा रिसीव्हरला जोडल्या, खटका वर केला... आणि काहीच नाही. दिवा नाही, आवाज नाही. भाच्याच्या कपाळावर आठ्या. बाहेर उणे अठरा! पुन्हा सगळ्या तारा तपासल्या. अर्धा तास गेला. शेवटी ताईच जिन्यावरून म्हणाली, "अरे, त्याचं झाकण का उघडं?" फर्नेसच्या दाराशी एक सुरक्षेचा खटका असतो. झाकण घट्ट बसेपर्यंत तो वीज पुढे जाऊच देत नाही. झाकण लावलं आणि दिवा लागला. मिक्सरचं भांडं नीट बसलं नाही तर मिक्सर फिरतो का? तसंच हे.

मग दोन्ही भागांची ओळख करून द्यायची. रिसीव्हरचं बटण दाबलं, दिवा लुकलुकू लागला. नातीने वर डब्यावरचं बटण दाबलं. दिवा हिरवा, स्थिर. ओळख झाली! प्रत्येक डब्याला स्वतःचा क्रमांक असतो आणि रिसीव्हर तो लक्षात ठेवतो. नाहीतर शेजाऱ्याला थंडी वाजायची आणि फर्नेस आपली पेटायची!

तळघरातल्या फर्नेसला वरून निरोप पाठवण्याची ही कल्पना तशी जुनी बरं का. मिनियापोलिसच्या शेजारच्याच विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाचं गाव आहे. तिथल्या शिक्षकांच्या महाविद्यालयात वॉरन जॉन्सन शिकवायचे. वर्गाचं तापमान बघायला रखवालदार मध्येच आत यायचा, मग तळघरात जाऊन झडप उघडायचा नाहीतर लावायचा. शिकवण्याचा विचका! जॉन्सननी वर्गात तापमानावर चालणारं यंत्र बसवलं आणि तळघरापर्यंत तार नेली. गरज पडली की खाली घंटा वाजे. १८८३ साली त्यांना याचं पेटंट मिळालं. आणि खुद्द मिनियापोलिसमध्ये अल्बर्ट बट्झ यांनी १८८५च्या सुमारास कोळशाच्या भट्टीची झडप आपोआप उघडणारं यंत्र केलं. म्हणजे रखवालदाराचीही गरज उरली नाही.

असो. आता डबा ठेवायचा कुठे? ऊन येतं तिथे नको, दिव्याजवळ नको, गरम हवेच्या जाळीसमोर नको, बाहेरच्या थंड भिंतीवर तर मुळीच नको. आतली भिंत, जमिनीपासून दीड मीटर उंची. दिवाणखान्यात तशी जागा सापडली. काम झालं, असं आम्हाला वाटलं.

पण खरी चूक पुढेच झाली. या यंत्रांत दिवसाचे चार भाग असतात: उठणं, बाहेर जाणं, परतणं आणि झोपणं. कारखान्यातूनच त्यांच्या वेळा भरून येतात. सकाळी ६ ला ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले सुमारे २१ सेल्सिअस. ८ ला सगळे बाहेर गेले असं समजून ६२, म्हणजे जेमतेम १७. संध्याकाळी ६ ला पुन्हा ७०. रात्री १० ला पुन्हा ६२. रिकामं घर कशाला तापवा? यात पैसेही वाचतात. रोज आठ तास ७ ते १० अंश फॅरनहाइटने तापमान उतरवलं तर वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं. भाच्याने वेळा न बदलता तशाच ठेवल्या.

पण घर रिकामं कुठे होतं? ताई दिवसभर घरातच! भाचा मला रोज शहर दाखवायला सकाळीच बरोबर न्यायचा, त्यामुळे मलाही पत्ता नाही. चौथ्या दिवशी बर्फामुळे शाळेला सुट्टी मिळाली आणि नात घरी थांबली. दुपारी बघते तर आजी दोन स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसलेली. डब्यावर आकडा ६२.

"आजी, अगं सांगायचं नाही का?"

"तुमचं बिल वाढेल म्हणून गप्प बसले गं. आणि मला वाटलं, नवं यंत्र आहे, त्याचं बरोबरच असेल."

मला फार वाईट वाटलं. आईबाबांनो, हे तुमच्यासाठी: म्हाताऱ्या माणसांचं शरीर लवकर गार पडतं आणि ते त्यांच्या लक्षातही येत नाही. घरातलं तापमान ६० ते ६५ फॅरनहाइट असलं तरी त्यांना धोका होऊ शकतो, म्हणून किमान ६८ ठेवावं, असं अमेरिकेतली वृद्धत्वाचा अभ्यास करणारी सरकारी संस्था सांगते. म्हणजे सेल्सिअसमध्ये २०.

संध्याकाळी नातीने स्वतः वेळा भरल्या. "आजी, तू किती वाजता उठतेस?" "पाचला." मग पाचला ७०. दिवसा ६९. पहिल्या खेपेला तिने एएमच्या जागी पीएम भरलं आणि ओठ चावून दुरुस्त केलं. रात्रीसाठी ६८. आणि रात्री डबा भिंतीवरून काढून, छोट्या स्टँडवर बसवून आजीच्या खोलीत न्यायचा, असं ठरलं. बिनतारी असण्याचा खरा फायदा हाच नाही का? त्यामुळे भाच्याच्या खोलीत जरा उकडू लागलं. त्याने तिथली हवेची जाळी अर्धी मिटून घेतली. बिल किती वाढलं, ते त्याने काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही!

उन्हाळ्यात हाच डबा गारव्याचा हिशेब ठेवतो. तापवणं आणि गार करणं या दोन आकड्यांत काही अंशांचं अंतर ठेवावं लागतं, नाहीतर एक यंत्र तापवणार आणि दुसरं लगेच गार करणार. शिवाय एकदा बंद झालेला कॉम्प्रेसर तो पाचेक मिनिटं पुन्हा सुरू होऊ देत नाही, म्हणजे कॉम्प्रेसरवर ताण येत नाही. तुमच्या घरी एसी असेल, तर रिमोटकडे बघा. बहुतेक रिमोट फक्त हुकूम पोचवतात. तापमान मोजणारा खडा असतो वर एसीच्याच पोटात, छताजवळ. खाली तुमच्या पलंगापाशी काय हवा आहे, हे त्याला काय ठाऊक! १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे स्टार लेबलचे एसी सुरुवातीला २४ अंशांवरच लावलेले येतात. तिथून पुढे कमी-जास्त आपणच करायचं.

राहता राहिली बॅटरी. ताईकडच्या संचात ती संपली की निरोप थांबतात आणि फर्नेस विझते. जानेवारीत घरात कुणी नसताना असं झालं तर? नळांतलं पाणी गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं आणि नळ फुटतात. म्हणून मी निघालो त्या सकाळी नातीने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयची पानं ऑक्टोबरपर्यंत उलटली, पहिल्या रविवारभोवती लाल गोल काढला आणि आत लिहिलं, 'बॅटऱ्या'. 'ऱ्या' जरा चुकला होता. आजीने तो नीट करून दिला.