आच लागल्यावरचं आलं

कच्च्या आल्याचा तुकडा दाताखाली आला की जीभ चरचरते. तेच आलं वाटून, साखरेत आटवून आलेपाक केला की झणका निवतो आणि गोडसर, ऊबदार वास सुटतो. श्रेय एकट्या साखरेचं नव्हे. ताज्या आल्याला तिखट करणारा जिंजरॉल आचेवर तुटतो आणि त्यातून झिंजरोन तयार होतो. ताज्या आल्यात हा झिंजरोन जवळजवळ नसतोच. सुंठीची गोष्ट आणखी निराळी: वाळताना जिंजरॉलच्या रेणूतून पाणी निघून शोगाओल बनतो, तो जिंजरॉलहूनही जहाल.

झिंजरोन हाती लागला १९१७ साली. जपानमधल्या सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात हिरोशी नोमुरा यांनी तो आल्यातून वेगळा काढला, त्याची रचना उलगडली आणि प्रयोगशाळेत बनवूनही दाखवला. कारखान्यांत आजही मूळ वाट तीच. व्हॅनिलिन आणि ॲसिटोन अल्कलीत एकत्र आणायचे, तयार होणाऱ्या पदार्थाला उत्प्रेरकाच्या मदतीने हायड्रोजन जोडायचा, की झालं. फिकट स्फटिक मिळतात. ते साधारण ४० अंशांना वितळतात, म्हणजे मे महिन्यात चंद्रपूरच्या गोदामात बाटलीतच पातळ व्हायचे! त्यातलं व्हॅनिलिनही बहुधा खनिज तेलापासून आलेलं असतं. या साऱ्या प्रवासात आल्याचं शेत कुठेच लागत नाही.

खऱ्या आल्यापासून वास काढायचा तर दोन रस्ते आहेत. वाफेवर ऊर्ध्वपातन केलं तर तेल मिळतं. त्यात झिंजिबरीनसारखे उडून जाणारे घटक येतात, सुगंध येतो. तिखटपणा मात्र चोथ्यातच राहतो. तिखटासकट सगळं हवं असेल तर सुंठीची पूड द्रावकात भिजवून ओलिओरेझिन काढतात. केरळात हा मोठा धंदा आहे.

झिंजरोन मसाल्यांच्या अर्कांत, बेकरीच्या मालात, शीतपेयांत आणि अत्तरांतही जातो. रास्पबेरीच्या वासाचा मुख्य रेणू याचा सख्खा भाऊ असल्याने त्या कृत्रिम स्वादातही थोडा मिसळतात. आल्यातून काढला तर तो ‘नैसर्गिक’, कारखान्यात बनवला तर ‘निसर्गसदृश’. रेणू तोच, भाव वेगळा. जिभेला हा फरक कळणार नाही. पण निव्वळ झिंजरोनवर बेतलेलं ‘आल्याचं’ बिस्किट मात्र लगेच ओळखू येतं. आल्याचा लिंबासारखा वरचा सूर त्यात नसतो.

आणखी एक गिऱ्हाईक आहे, फळमाशी. आग्नेय आशियातली काही बल्बोफायलम ऑर्किडं झिंजरोनच्या वासाने नर माश्यांना बोलावून आपलं परागीभवन साधतात. त्यावरूनच ऑस्ट्रेलियात जार्व्हिस फळमाशीसाठी हे आमिष वापरून पाहिलं गेलं आणि ते लागू पडलं. कोकणात आंब्याच्या बागांत टांगतात त्या रक्षक सापळ्यात मात्र मिथाइल युजेनॉल असतं. आंब्यावरची माशी झिंजरोनकडेही फिरकते, पण मिथाइल युजेनॉलवर ती तुटून पडते.